‘शुश्रूषा’ ऐकण्यातून खाटेपाशी कशी आली

मराठीत ‘शुश्रूषा’ म्हटलं की आजारी माणूस डोळ्यांपुढे येतो. खाट, औषधाची वेळ, कपाळावर गार पाण्याची पट्टी, रात्रीचं जागरण. दादरला याच नावाचं सहकारी रुग्णालय आहे आणि त्या नावाचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. शब्द फोडून पाहिला तर मात्र त्यात ना रोगी सापडतो, ना सेवा. सापडतो तो ‘श्रु’ हा ऐकण्याचा धातू आणि त्याला लागलेला इच्छेचा प्रत्यय. शब्दशः अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’. ही इच्छा रुग्णाच्या उशाशी कशी जाऊन बसली, एवढाच या प्रकरणाचा प्रश्न.

एक गोड उत्तर लगेच सुचतं: रोग्याचं म्हणणं मन लावून ऐकणं हीच खरी सेवा, म्हणून हा शब्द. भाषणात ते टाळ्याही मिळवेल. पण शब्दाचे जुने वापर ओळीने लावून पाहिले तर रोग्याचं ऐकणारा माणूस वाटेत कुठेच भेटत नाही. भेटतो तो गुरूचं, आईबापांचं, मालकाचं ऐकणारा. अर्थ ऐकण्यातून आज्ञापालनात गेला, आज्ञापालनातून सेवेत आणि सेवेतून रुग्णसेवेत. मधल्या दोन पायऱ्या गाळल्या की व्युत्पत्तीचं सुभाषित होतं.

घडण

पाणिनीच्या पद्धतीने हा शब्द कसा उभा राहतो ते आधी पाहू, कारण त्याच्या शुद्धलेखनाची किल्लीही तिथेच आहे. ‘धातोः कर्मणः समानकर्तृकादिच्छायां वा’ (३.१.७) या सूत्राने इच्छेच्या अर्थी धातूला सन् प्रत्यय लागतो. न् गळून फक्त ‘स’ उरतो. श्रु + स अशी स्थिती झाली की पहिला प्रश्न मध्ये ‘इ’ येणार का हा. पठ् धातूत ती येते, म्हणून ‘पिपठिषा’. उकारान्त श्रुला ती येत नाही, ७.२.१२ ने अडते. दुसरा प्रश्न गुणाचा, म्हणजे उ चा ओ होण्याचा. तोही होत नाही, कारण ‘इको झल्’ (१.२.९) सन् प्रत्ययाला कित्, म्हणजे गुण रोखणारा, ठरवतं. उलट ‘अज्झनगमां सनि’ (६.४.१६) सांगतं की स्वरान्त धातूचा स्वर इथे दीर्घ करा. झालं श्रू + स.

आता द्वित्व. ‘सन्यङोः’ (६.१.९) ने श्रू-श्रू असं दुहेरी होतं. त्यातल्या पहिल्या तुकड्यातलं फक्त आरंभीचं व्यंजन राहतं, म्हणजे र् जातो. आणि त्याचा स्वर ऱ्हस्व होतो. म्हणून पुढे ‘शु’ आणि मागे ‘श्रू’. ऊ नंतर आलेल्या प्रत्ययाच्या स चा ष होतो (८.३.५९). तयार झालेला ‘शुश्रूष’ हा आता स्वतंत्र धातू मानला जातो. त्याला ‘अ प्रत्ययात्’ (३.३.१०२) ने भाववाचक स्त्रीलिंगी नाम होतं: शुश्रूषा. करणारा तो शुश्रूषु.

दीर्घ ऊ चुकून सुटलेला नाही आणि आधीचा ऱ्हस्व उ देखील सोयीने ठेवलेला नाही, हे यातून कळतं. तरी मराठीत या एका शब्दाची निदान चार रूपं छापलेली दिसतात. ‘शुश्रुषा’ सगळ्यात जास्त, कारण बोलताना दुसऱ्या अक्षरावर उ लांबतच नाही, शिवाय छोट्या अक्षरांत श्रु आणि श्रू सारखेच दिसतात. ‘सुश्रूषा’ची चूक वेगळ्या जातीची आहे. तिथे लिहिणाऱ्याला ‘सु’ म्हणजे चांगलं हा उपसर्ग दिसतो, त्यात सुश्रुताचं नाव मदतीला येतं. पण ‘सुश्रुत’ म्हणजे चांगलं ऐकलेला, नीट बहुश्रुत झालेला. त्यात इच्छेचा सन् नाही. धातू दोन्हीकडे एकच, घडण अगदी निराळी. ‘सुश्रुषा’ ही दोन्ही चुकांची बेरीज, आणि ‘शुश्रूशा’ ही ष-श चा उच्चारातला भेद बुजल्याची खूण. लक्षात ठेवायचं तर एवढंच: मूळ धातू लांबतो, त्याची सावली आखूड राहते, शेवटी पोटफोड्या ष.

जाता जाता, रुग्णालयातला दुसरा मोठा शब्द ‘चिकित्सा’ हाही सन् लागूनच झालेला आहे, कित् धातूपासून. मात्र त्यात इच्छेचा अर्थ पाणिनीच्या काळीही नव्हता. त्याच्यासाठी आणि जुगुप्सा, तितिक्षा यांच्यासाठी ३.१.५ असं वेगळं सूत्र आहे. म्हणजे सन् दिसला की इच्छा शोधलीच पाहिजे असं नाही. जिज्ञासा, पिपासा, विवक्षा, मुमुक्षू यांत ती शाबूत आहे. शुश्रूषेत ती होती आणि विरली.

कर्म कोण ते पाहा

विरली ते नेमकं कुठे, हे ओळखायला एक साधी कसोटी पुरते: क्रियापदाचं किंवा नामाचं कर्म कोण आहे? ऐकायची वस्तू असेल, म्हणजे वचन, विद्या, धर्म, तर अर्थ ऐकण्याचा. माणूस असेल तर अर्थ मानण्याकडे किंवा सेवेकडे झुकलेला. मराठीतही हेच चालतं. ‘आईचं बोलणं ऐक’ म्हणजे कान दे. ‘आईचं ऐक’ म्हणजे सांगितलेलं कर. ‘बोलणं’ काढून टाकलं आणि ऐकण्याचं आज्ञापालन झालं.

ऋग्वेदात सातव्या मंडलातल्या एकोणिसाव्या सूक्तात ‘त्वं ह त्यदिन्द्र कुत्समावः शुश्रूषमाणस्तन्वा समर्ये’ अशी ओळ आहे. इंद्राने लढाईत स्वतः शुश्रूषमाण होऊन कुत्साला वाचवलं. इथे देव माणसाचं ऐकतो, आणि ते ऐकणं म्हणजे नुसतं कान देणं नव्हे, मदतीला धावणं आहे. सगळ्या पुराव्यात वरचा खालच्याचं ऐकतो अशी ही एक जागा. पुढे दिशा उलटते आणि तशीच राहते.

ऐकण्याचा अर्थ सर्वांत स्वच्छ कौटिल्याकडे दिसतो. विद्या कोणाला वळण लावते, तर ‘शुश्रूषाश्रवणग्रहणधारणविज्ञानोहापोहतत्त्वाभिनिविष्टबुद्धि’ असलेल्याला, असं अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणाच्या पाचव्या अध्यायात आहे. समासातला क्रम मोलाचा: आधी शुश्रूषा, मग श्रवण, मग ग्रहण, मग धारण. इथे सेवा हा अर्थ घातला तर मालिकाच मोडते. पाली बौद्ध ग्रंथांतही तेच. आळवकसुत्तात ‘सुस्सूसं लभते पञ्ञं’, ऐकू इच्छिणाऱ्याला प्रज्ञा लाभते. सिगालोवाद सुत्तात शिष्याने गुरूशी कसं वागावं याच्या पाच गोष्टी आहेत आणि त्यांत ‘सुस्सूसा’ व ‘पारिचरिया’ शेजारी शेजारी, पण वेगवेगळ्या मोजल्या आहेत. दोन्हींचा अर्थ सेवाच असता तर पाचाच्या जागी चारच झाल्या असत्या. अर्थ कोणत्या टप्प्यावर आहे ते सांगणारा यापेक्षा चांगला पुरावा मिळणं कठीण.

अमरकोशात मात्र ‘वरिवस्या तु शुश्रूषा परिचर्याप्युपासना’. सुत्ताने ज्या दोघी वेगळ्या बसवल्या होत्या त्या इथे एका ओळीत पर्याय म्हणून आल्या. शाकुंतलातला कण्वाचा सासरी निघालेल्या मुलीला उपदेश ‘शुश्रूषस्व गुरून्’ असाच आहे: कर्म माणसं, विभक्ती द्वितीया. वडीलधाऱ्यांचं ऐक म्हणावं की त्यांची सेवा कर म्हणावं, दोन्ही बसतं. सासरी जाणाऱ्या मुलीसाठी या दोहोंत फार अंतर असेल असं कण्वालाही वाटलं नसावं.

गिरनार ते कंदाहार

या प्रकरणातला सर्वांत भक्कम पुरावा दगडावर आहे. जुनागढजवळ गिरनारच्या पायथ्याशी असलेल्या अशोकाच्या शिलालेखांत हा शब्द अनेकदा येतो आणि दोन्ही अर्थांनी येतो. राज्याभिषेकाच्या बाराव्या वर्षीच्या तिसऱ्या लेखात ‘साधु मातरि च पितरि च सुस्रूसा’. आईबाप सप्तमीत आहेत. त्यांच्या ठायी सुस्रूसा चांगली. हा आज्ञाधारकपणा. पण बाराव्या लेखात, जिथे सगळ्या पंथांनी एकमेकांशी समजुतीने राहावं असं सांगितलं आहे, तिथे लोकांनी परस्परांचा धर्म ‘स्रुणारु च’ आणि ‘सुसुंसेर च’ असं आहे: ऐकावा आणि ऐकण्याची इच्छा धरावी. श्रु धातू साधा आणि सन्नन्त, म्हणजे सन् लागलेला, एकाच वाक्यात. इथे कर्म धर्म आहे आणि अर्थ कानाचा आहे. कौटिल्याच्या यादीत इच्छा आधी, इथे ऐकणं आधी. परक्याचा धर्म एकदा ऐकला की पुढे ऐकावासा वाटेल, असा राजाचा हिशेब यात वाचता येतो.

महाराष्ट्रात सोपाऱ्यालाही हे लेख कोरले होते. तिथला आठव्या लेखाचा तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजींना १८८२ मध्ये मिळाला, नवव्याचा पुढे १९५६ मध्ये. नेमके या दोन लेखांत हा शब्द नाही. सोपाऱ्याच्या दगडावर ‘सुस्रूसा’ कशी लिहिली होती ते त्यामुळे समुद्राकडेच राहिलं.

खरी गंमत कंदाहारला आहे. १९५८ मध्ये जुन्या कंदाहारजवळ अशोकाचा द्विभाषिक लेख उजेडात आला, वर ग्रीक आणि खाली अरामाईक. राज्यारोहणाला दहा वर्षं झाल्यानंतरचा. गिरनारच्या तिसऱ्या लेखाचं ते शब्दशः भाषांतर नव्हे, पण आईबापांचा आणि वडीलधाऱ्यांचा मुद्दा त्यात आहे. ग्रीक लिहिणाऱ्याने तिथे शब्द वापरला ‘एनेकोओइ’. तो ‘आकूओ’ म्हणजे ऐकणे या क्रियापदाच्या घरचा आहे. अर्थ ‘ऐकणारे’, म्हणून आज्ञेत राहणारे. सुस्रूसेच्या जागी ग्रीकमध्येही कानाचाच शब्द आला.

इथे एक सावधगिरी हवी. श्रु आणि आकूओ हे भाऊ नाहीत. श्रुचं ग्रीक भावंड आहे ‘क्लेओस’, म्हणजे कीर्ती. संस्कृतातल्या ‘श्रवस्’चं जुळं. वेदातलं ‘अक्षित श्रवस्’ आणि होमरमधलं ‘क्लेओस आफ्थितोन’, दोन्हीकडे न संपणारी कीर्ती, ही जोडी जर्मन भाषाशास्त्रज्ञ आडालबर्ट कून यांनी १८५३ मध्येच दाखवली. रशियन ‘स्लोवो’ म्हणजे शब्द आणि इंग्रजी ‘लिसन’ही याच कुळातले. आकूओचं मूळ निराळं. म्हणजे कंदाहारला जुळला तो धातू नव्हे, अर्थाची वाट जुळली.

ती वाट मोठी वर्दळीची आहे. लॅटिन ‘ओबोएदिरे’ म्हणजे आज्ञा पाळणे, त्यात ‘आउदिरे’ म्हणजे ऐकणे. इंग्रजी ‘ओबे’ तिथूनच आला. जर्मनमध्ये ‘होरेन’ ऐकणे आणि ‘गेहोर्खेन’ आज्ञा पाळणे. रशियनमध्ये ‘स्लूशात्’ ऐकणे, त्याला शेपूट लावून ‘स्लूशात्स्या’ म्हणजे सांगितलेलं मानणे. ज्या भाषांचा एकमेकींशी रक्ताचा संबंध नाही त्यांतही हीच वाट दिसते. अरबीत हुकूम स्वीकारताना ‘समअन् व ताअतन्’, ऐकलं आणि मानलं, असं म्हणतात.

पण ती एकमेव वाट आहे असं समजू नये. कन्नड ‘केळु’ आणि तमिळ ‘केळ्’ यांत ऐकणं आणि विचारणं एकाच शब्दात आहे. सीमाभागात दोन्ही भाषा बोलणाऱ्यांना हे सांगायला नको. काश्मिरीत तर उलटा प्रकार: ऐकण्याचं क्रियापद ‘बोज़ुन’ हे बुध् या समजण्याच्या धातूपासून आलं आहे. तिथे मनाचा शब्द कानाकडे गेला. म्हणून ‘ऐकणं म्हणजे मानणं हा मानवी स्वभावच’ असलं विधान या पुराव्यावर तोलत नाही.

ज्यांना श्रवण बंद, त्यांना शुश्रूषा

आज्ञापालनातून सेवेकडे झालेला बदल निरागस नव्हता. मनुस्मृतीत दोन्ही टप्पे आहेत. दुसऱ्या अध्यायात (२.२१८) कुदळीने खणता खणता पाणी लागावं तशी गुरूजवळची विद्या ‘शुश्रूषु’ला मिळते. इथे ऐकणं आणि सेवा एकमेकांत मिसळलेली आहेत, आणि बदल्यात विद्या आहे. पहिल्या अध्यायात (१.९१) मात्र शूद्राला एकच काम नेमून दिलं आहे, तिन्ही वर्णांची ‘शुश्रूषा’, तीही ‘अनसूयया’, मनात काही न धरता. या शुश्रूषेच्या बदल्यात विद्या मिळणार नव्हती. गौतम धर्मसूत्राने (१२.४) वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात कथील आणि लाख ओतायला सांगितलं, आणि ब्रह्मसूत्राच्या १.३.३८ मध्ये श्रवणाचा निषेध कायम आहे.

श्रवण आणि शुश्रूषा एकाच धातूची. ज्याला पहिलं बंद, त्याच्यावर दुसरी लादलेली. ‘ऐकण्याची इच्छा’ हा अर्थ शब्दात जिवंत असता तर ही वाक्यरचना उच्चारतानाच अडखळली असती. ती अडखळली नाही, याचा अर्थ तोवर शुश्रूषेतला कान पुरता गेला होता आणि उरले होते नुसते राबते हात. शब्दार्थ झिजतात म्हणताना आपण वाऱ्या-पावसाने झिजणारा दगड मनात आणतो. इथे झीज कुणाच्या तरी खांद्यावरून झाली आहे.

खाटेपाशी

आता शेवटची पायरी. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत रुग्णाची काळजी घेणाऱ्यासाठी हा शब्द पारिभाषिक नाही. चरकाच्या सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. उपस्थात्याचे चार गुण म्हणजे उपचारांची जाण, दक्षता, माया आणि स्वच्छता. सुश्रुताची यादी (सूत्रस्थान ३४) अधिक रोखठोक आहे. परिचारक मायाळू हवा, किळस न करणारा हवा, बळकट हवा, न थकणारा हवा आणि ‘वैद्यवाक्यकृत्’ हवा, म्हणजे वैद्य सांगेल ते करणारा. खाटेजवळ ऐकणं आलं ते असं. ऐकायचं वैद्याचं. रोग्याचं ऐकण्याबद्दल या यादीत काही नाही.

सेवा हा अर्थ पक्का झाल्यावर सेव्य कोण, एवढाच प्रश्न उरतो. गुरू, आईबाप, सासूसासरे, मालक यांची शुश्रूषा ते आजारी पडले की अधिक दिसू लागते, आणि मराठीत हळूहळू तेवढीच उरली. आज कोणी ‘मी सरांची शुश्रूषा करतो’ म्हणालं तर सर आजारी आहेत असंच समजलं जाईल. सावित्रीबाई फुले १८९७ च्या प्लेगात रुग्णांची शुश्रूषा करताना स्वतः प्लेगने गेल्या, १० मार्चला. हे वाक्य आपण सहज लिहितो. मनूच्या वाक्यातला आणि या वाक्यातला शब्द अक्षरन् अक्षर एकच आहे. पहिल्यात सेव्य वर्णाने ठरतो, दुसऱ्यात तापाने.

मराठीने एक गोष्ट मात्र केली नाही: या शब्दापासून माणसाचं नाव बनवलं नाही. क्रिया शुश्रूषा, पण करणारी ‘परिचारिका’, आणि शिक्षणाचा विषय ‘परिचर्या’. शेजारच्या कन्नडने ‘शुश्रूषकि’ असं थेट रूप केलं. बंगालीत ‘शुश्रूषाकारिणी’. मल्याळमचा संसार याहून मोठा. तिथे ‘प्रथम शुश्रूष’ म्हणजे प्रथमोपचार, आणि ख्रिस्ती मंडळींत चर्चमधल्या उपासनेलाही ‘शुश्रूष’ म्हणतात. अमरकोशातलं ‘उपासना’ आणि रुग्णालयातली मलमपट्टी, दोन्ही अर्थ तिथे एकाच गावात नांदतात. मराठी माणसाने केरळात चर्चच्या दारावर हा शब्द वाचून आत दवाखाना शोधू नये.

कसोटी जिथे हात टेकते

कर्म पाहून अर्थ ठरवण्याची कसोटी एका ठिकाणी अडते. शब्द विशेषण म्हणून आला की कर्म दिसत नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायातला सदुसष्टावा श्लोक असा आहे: ‘इदं ते नातपस्काय नाभक्ताय कदाचन । न चाशुश्रूषवे वाच्यं न च मां योऽभ्यसूयति’. तप नसलेल्याला, भक्ती नसलेल्याला, ‘अशुश्रूषु’ला आणि माझा मत्सर करणाऱ्याला हे सांगू नये. अशुश्रूषु म्हणजे सेवा न करणारा की ऐकू न इच्छिणारा?

सेवेच्या बाजूने शेजारचे शब्द उभे आहेत. तप आणि भक्ती यांच्या ओळीत गुरुसेवा शोभून दिसते. ऐकण्याच्या बाजूने एकच साक्षीदार आहे, पण तो क्रियापदच आहे: ‘वाच्यम्’, सांगावं. सांगण्याच्या समोर ऐकणं उभं राहतं, पाय चेपणं नव्हे. शिवाय पुढच्याच श्लोकात हे गुह्य भक्तांना सांगणाऱ्याची थोरवी आहे. प्रसंग सगळा सांगण्याऐकण्याचा आहे. भाषांतर करताना इथे ‘ज्याला ऐकायचं नाही त्याला’ असंच लिहावं.